मालकांसाठी रडलेली बाई

“रडू नकोस गं बाई माझी, रडू नकोस,” म्हणत मालकीणबाईंनी भर दिवाणखान्यात, चारचौघांच्या देखत, टिपूसबाईला मिठी मारली तेव्हा टिपूसबाई चादरीकडे बघत होती.

मालक दिवाणखान्याच्या मधोमध आडवे होते आणि गळ्यापर्यंत पांढरी चादर होती. चादर त्यांच्याच लाँड्रीतली. काल दुपारी टिपूसबाईने स्वतः प्रेस केलेली. पण अंगावर घालताना कोणीतरी घाई केली होती, त्यामुळे मधल्या घडीची रेघ छातीवरून सरळ यायची सोडून पोटावरून तिरकी पळाली होती. ती ओढून सरळ करावी म्हणून टिपूसबाईचे हात नुसते शिवशिवत होते. मालकांना उठून बसता आलं असतं तर तेही पहिल्यांदा हेच म्हणाले असते, ‘कोणी केलीय ही? परत करा.’

रडायचा तर प्रश्नच नव्हता. मालक गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला होता तो असा, की चला, आज प्रेस लवकर बंद होणार.

पण तिचं तोंड तिचं ऐकायचं नाही. दोन्ही डोळ्यांखाली, पापण्यांच्या कडेने आणि नाकाच्या दोन्ही अंगांना, तिच्या चेहऱ्यावर थेंब उभे होते. बारीक, गोल, तकतकीत, जरा निळसर झाक असलेले. आत्ता ओघळतील, आत्ता ओघळतील असं वाटावं आणि ओघळूच नयेत असे. ती थेट प्रेसखोलीतून आली होती, बाहेर ऊन रणरणत होतं, त्यामुळे आज तर एकेक थेंब साबुदाण्याएवढा टपोरा झाला होता. आणि बाकीच्या दिवाणखान्यात दुष्काळ. मालकांचे दोन्ही मुलगे भिंतीला टेकून फोनमध्ये बघत होते. सुना पाहुण्यांना पाणी देत होत्या. एका म्हाताऱ्या पाहुण्याला जांभई आली ती त्याने रुमालात खोकून लपवली. अख्ख्या खोलीत एकच चेहरा ओला होता, आणि मालकीणबाईंनी तो बरोबर हेरला.

“बघा,” त्या मुलांना म्हणाल्या, “परकी बाई. तिला कळलं.”

टिपूसबाईने तोंड उघडलं होतं. पण मिठी अशी घट्ट होती की तिचं नाक मालकीणबाईंच्या खांद्यात रुतलं, आणि नाक रुतलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही.

त्या थेंबांना कोणी काय काय म्हटलं होतं. लाँड्रीत चादरींच्या घड्या घालणारी एक बाई होती. तिला सगळे घडीवाली म्हणायचे. हात मऊ, जीभ तिखट. टिपूसबाई हे नाव तिचंच. “आली बघा आमची टिपूसबाई, सकाळी सकाळी कोणाला पोचवून आलीस गं?” असं ती पहिल्यांदा म्हणाली, आणि टिपूसबाईला आईबापांनी दिलेलं नाव त्या दिवसापासून फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

थेंब आले ते नवरा गेला त्या उन्हाळ्यात. नवरा गोदामात वजनकाटा सांभाळायचा. उंच, हसरा, आणि कायम चुरगळलेला. कारण लाँड्रीतून घरी आल्यावर इस्त्रीला बोट लावायचं नाही अशी टिपूसबाईने शपथच घेतली होती. दिवसभर जगाचे कपडे सरळ करायचे, घरी आल्यावर तरी थोड्या सुरकुत्या असू देत की. गोदामातले लोक त्याला म्हणायचे, बायको लाँड्रीत आणि तू पिळलेल्या फडक्यासारखा. तो म्हणायचा, दिव्याखाली अंधारच असतो बाबांनो. ताप आला, डोक्यात गेला, आणि तो चुरगळलेल्या शर्टातच गेला. तेव्हा ती रडली होती, अगदी गुरासारखा हंबरडा फोडून रडली होती, आणि रडून संपायच्या आतच तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. हॉटेलच्या चादरी अडल्यात. ती म्हणाली, अजून सावरले नाही हो. मालक म्हणाले, “रडायचं ते प्रेसपाशी रड. वाफेत कोणाला कळत नाही.”

ती गेली. पदरात लहान लेक, काय करणार. आणि खरंच रडली नाही. प्रेसचं झाकण खाली ओढलं की वाफेचा लोट तोंडावर यायचा आणि डोळ्यांतलं पाणी आत आहे का बाहेर हे तिलाही कळेनासं व्हायचं. त्याच महिन्यात डोळ्याखाली पहिला थेंब उठला. घडीवालीने निकाल लावून टाकला, की हे नवऱ्याचं रडणंच आहे, अर्ध्यात अडकलंय.

पुढे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो निकाल फिरवला. भिंग लावून त्यांनी नीट बघितलं आणि सांगितलं, “मावशी, रडण्याचा काही संबंध नाही. घामाची नळी असते ना, तिचं तोंड बुजतं. आत घाम साठतो आणि छोटी पाण्याची पिशवी होते. गरमीत फुगते, थंडीत बसते. कॅन्सर नाही, लागण नाही, काही नाही. गरम जागी काम करू नका.”

टिपूसबाईने सांगितलं की मी वाफेच्या प्रेसवर असते. डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं. “सुईने फोडत नाही ना?” असं मग त्यांनी हळूच विचारलं.

फोडत होती. प्रेसवाल्यांची ती रीतच असते. हाताला भाजून फोड आला की सुई तापवायची, टोचायचं, पाणी दाबून काढायचं आणि पुढची चादर घ्यायची. तोच इलाज तिने तोंडावर केला होता. टोचलं की नितळ पाणी यायचं, दोन दिवस चेहरा सपाट दिसायचा, आणि परत थेंब हजर, येताना भावंडं घेऊन. एकदा तर डोळा सुजून बटाट्यासारखा झाला. लेक तेव्हा चौथीत होती. आईकडे बघून ती पोट धरून हसली, आणि मग हसता हसता रडली.

पण खरा घाव निराळाच होता. दोन वर्षांपूर्वी काउंटरवरची म्हातारी बाई काम सोडून गेली तेव्हा टिपूसबाईने मालकांकडे ती जागा मागितली होती. काउंटर म्हणजे काचेचा दरवाजा, थंड हवेचं मशीन आणि खुर्ची. खुर्ची! प्रेसखोलीत बसायचं म्हटलं तर मळक्या चादरींचा गठ्ठा, तोही मालक बाहेर गेले असले तर. तिच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. मालकांनी तिला खालून वर नाही, वरून खाली बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझं तोंड बघून गिऱ्हाईक विचारेल, कपडे न्यायला आलोय की मयताला?” घडीवाली हसली. धुलाईवाले हसले. दुसऱ्या दिवशी मालकांनी काउंटर आणि प्रेसखोलीच्या मधल्या दारावर जाड चॉकलेटी पडदा लावून घेतला आणि काउंटरवर स्वतःच बसायला लागले.

आता त्यांच्याच मयताला ती आली होती, आणि तिचं तोंड अगदी जागेला शोभत होतं.

आठवड्याने मालकीणबाई लाँड्रीत आल्या. मुलगे परत आपापल्या गावी गेले होते. मालकीणबाईंनी आजवर या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. मालकांना ते खपायचं नाही. त्या पडदा बाजूला करून आत आल्या, वाफेने गुदमरल्या, आणि टिपूसबाईचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेल्या.

“उद्यापासून तू इथे बस,” त्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या. “त्यांच्या जागेवर त्यांच्यासाठी रडलेलं माणूस बसलेलं मला बघायचंय.”

आता सांगायचं, असं टिपूसबाईने ठरवलं. बाईसाहेब, हा घाम आहे. एवढंच तर वाक्य. तिने ते जिभेच्या टोकापर्यंत आणलंसुद्धा. मग तिने खुर्चीकडे बघितलं. काळी, फिरती, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांड्या, आणि गादीत मालकांच्या बुडाचा खोल खळगा. वाक्य जिभेवरून परत आत गेलं आणि तिने फक्त मान हलवली.

पडद्याच्या फटीतून घडीवालीने सगळं ऐकलं होतं. “बरंय बाई,” ती म्हणाली. “आम्ही कोरडे जन्मलो ही आमचीच चूक.”

घरी लेकीने हे ऐकलं आणि ती खाटेवर उड्या मारायला लागली. लेक नववीत होती, घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी उभी राहिलेली अजून कोणी पाहिली नव्हती. शाळा सुटल्यावर मैत्रिणींबरोबर लाँड्रीवरून जाताना तिने इतकी वर्षं समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत मान तिकडे वळवलेली ठेवली होती. टिपूसबाईला ते माहीत होतं. तिने तो विषय कधी काढला नाही.

“पण हे खोटं आहे गं,” टिपूसबाई म्हणाली.

“तू खोटं बोललीस का? नाही. तू गप्प बसलीस. गप्प बसण्याला आमच्या शाळेत शिस्त म्हणतात.”

यावर हसण्यावाचून काय करणार.

काउंटरवर टिपूसबाई अशी रुळली की जणू तिथेच जन्मली. कोटाला हात लावला की अस्तर कशाचं हे तिला कळायचं, डाग बघितला की तो चहाचा की गंजाचा हे गिऱ्हाइकाने सांगायच्या आत सांगायची. थेंबांबद्दल सुरुवातीला एकदोघांनी विचारलं. लागण होते का हो? नाही, घामाचं आहे. अच्छा. झालं! ज्या तोंडासाठी मालकांनी पडदा लावला ते तोंड गिऱ्हाइकांनी दोन शब्दांत पचवलं. संध्याकाळी भिंगरी तीन-तीन मैत्रिणी घेऊन काचेच्या दरवाज्यातून आत यायची. “ही माझी आई,” असं ती म्हणायची, खरं तर काही कारण नसताना. टिपूसबाई तेवढ्यासाठी खुर्ची अर्धी वळवून बसायची, म्हणजे ती फिरते हे पोरींना दिसावं.

आणि दुपारी मालकीणबाई यायच्या. थर्मासमधून चहा आणायच्या, दोन कप भरायच्या, आणि समोरच्या स्टुलावर बसून टिपूसबाईच्या डोळ्यांखाली बघत राहायच्या. मालकांबद्दल बोलायच्या. ते कसे शिस्तीचे होते, घरात चमचा वाकडा ठेवलेला चालायचा नाही, जेवताना बोललेलं चालायचं नाही. एकूण काय काय चालायचं नाही याचीच ती यादी असायची. टिपूसबाई हूं हूं करायची. एक दिवस मालकीणबाई कप खाली ठेवून म्हणाल्या, “मला रडूच आलं नाही गं. सगळे गेले, मुलं गेली, म्हटलं आता एकटी आहे, आता येईल. नाही आलं. इतकी वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर. मी दगड आहे का? मग तुझ्याकडे बघते. म्हणते, चला, कोणाला तरी त्यांच्यासाठी वाईट वाटतंय. म्हणजे माणूस काही अगदीच तसा नव्हता.”

तोवर टिपूसबाई समजत होती की आपण एक खुर्ची फुकटात मिळवली. आता तिला कळलं की त्या खुर्चीच्या बदल्यात आपण रोज दुपारी या बाईला काहीतरी देतो आहोत, आणि जे देतो आहोत ते आपल्याकडे नाहीच.

मग थंडी आली. पहाटे खिडकीच्या काचा धुरकट व्हायला लागल्या, काउंटरवर बसून टिपूसबाई स्वेटर घालायला लागली, आणि एका सकाळी आरशात बघते तर डोळ्यांखाली सपाट! कडेला दोनचार फिकट पुटकुळ्या, बास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं होतं. थेंब आपले आपण बसले होते, सुई नाही, मलम नाही. ती कितीतरी वेळ गालांवरून बोटं फिरवत राहिली. भिंगरीने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. “आई, तू एकदम तरुण दिसतेस. म्हणजे चाळिशीतली.” टिपूसबाई अडतीस वर्षांची होती. तरी तिला आनंद झाला.

मालकीणबाईंना झाला नाही.

त्या दुपारी त्यांनी थर्मास उघडला आणि टिपूसबाईच्या तोंडाकडे बघून तसाच हातात धरून ठेवला. “बरी दिसतेस,” त्या म्हणाल्या. हे वाक्य आनंदाने म्हणता येतं आणि चोरी पकडल्यासारखंही म्हणता येतं. त्यांनी ते दुसऱ्या तऱ्हेने म्हटलं. पुढच्या आठवड्यात चहा एकच कप यायला लागला, आणि मग त्या येईनाशाच झाल्या. घडीवालीकडे मात्र बोलल्या. काय, की माणसं फार लवकर विसरतात.

घडीवालीने तो निरोप टिपूसबाईला मीठमसाला लावून पोचवला. “तुझी खुर्ची त्या टिपसांवर उभी होती गं. टिपसं आटली, आता खुर्ची लंगडणार. एक सांगू? मालकांच्या वाढदिवसाला बाई त्यांचा फोटो लावणारेत काउंटरवर. मोठी गिऱ्हाइकं बोलावलीत, मुलगे येणारेत. दोन शब्द तू बोलायचेस असं बाईंच्या मनात आहे. त्या दिवशी जरा लवकर ये, प्रेसपाशी उभी राहा. येतील की परत. तुझी काय विहीर आटलीय?”

टिपूसबाई म्हणाली, शी. मी नाही असलं करणार.

घरी भिंगरीनेही तेच सुचवलं, फक्त विज्ञानाच्या भाषेत. उष्णता दिली की पाणी वाढतं. त्यात लाज कसली? मग ती उड्या न मारता, हळू आवाजात म्हणाली, “आई, तू परत आत गेलीस तर मी मैत्रिणींना काय सांगू?”

वाढदिवसाच्या सकाळी टिपूसबाई पडद्याच्या आत गेली.

प्रेस तापलं होतं. तिने झाकण ओढलं, वाफ उठली, तिने तोंड पुढे केलं. परत ओढलं, परत वाफ. डोळे मिटून ती लोटात उभी राहिली. प्रेसच्या चकचकीत पत्र्यात तिला आपलं तोंड दिसत होतं, लांबट, वाकडं, आणि डोळ्यांखाली एकेक करून जुने सोबती उगवत होते. हा डावा मोठा. ही उजवीकडची जोडी. अजून थोडं, अजून थोडं, असं ती त्यांना मनातल्या मनात बोलावत होती. चुलीवर दूध ठेवून उभं राहावं तशी आपण आपलं दुःख उतू जायची वाट बघत उभे आहोत, हे तिला जाणवलं आणि हसू आलं, आणि मागून पडदा सरकला.

मालकीणबाई होत्या. नवी साडी, हातात हार. त्यांनी वाफेत उभी असलेली टिपूसबाई बघितली, तिचा ओला चेहरा बघितला, आणि त्यांच्या हातातला हार सुटून गठ्ठ्यावर पडला.

“इथे येऊन रडतेस? एकटी एकटी?” त्या पुढे आल्या आणि त्यांनी तिला मिठी मारली, त्या दिवशीसारखीच घट्ट. “आणि मी काय काय बोलले गं तुझ्याबद्दल. मला वाटलं तू विसरलीस. मी पोरांना आत्ता दाखवते. म्हणते, बघा, तुमच्या बापासाठी आजही कोणीतरी रडतंय.”

या वेळी टिपूसबाईचं नाक मोकळं होतं.

“बाईसाहेब,” ती म्हणाली, “हे रडणं नाही. हा घाम आहे.”

मालकीणबाईंना कळलं नाही. टिपूसबाईने मग सगळं सांगितलं. नळीचं तोंड बुजतं ते, गरमीत फुगतं ते, डॉक्टरीणबाईंचं भिंग, सुई, सगळं. सांगताना ती प्रेसच्या मुठीवरचा हात काढत नव्हती, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

“मग त्या दिवशी?” मालकीणबाईंनी विचारलं. “ते आडवे होते तेव्हा?”

“तेव्हापण घामच होता.”

बाहेर काउंटरवर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. मालकीणबाईंनी वाकून हार उचलला, झटकला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्हणजे कोणीच नाही,” त्या म्हणाल्या. आणि पडद्याच्या बाहेर गेल्या.

कार्यक्रम छान झाला म्हणे. दोन शब्द घडीवालीने सांगितले, आणि सांगता सांगता असा गळा काढला की हॉटेलच्या मॅनेजरने तिला पाणी आणून दिलं. पुढच्या आठवड्यापासून काळ्या खुर्चीत घडीवाली बसायला लागली. पहिल्या दिवशी ती टिपूसबाईच्या नजरेला नजर देईना. दुसऱ्या दिवशी तिने गादीचा खळगा बुजवायला एक चादर घडी करून मागितली, आणि टिपूसबाईने ती करून दिली.

भिंगरी दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, “इतके महिने गप्प होतीस ना? मग खरं बोलायला तुला नेमका तोच दिवस सापडला?” शाळेतून ती आता मागच्या गल्लीने यायला लागली. ती वाट लांबची होती, आणि उड्या मारण्याजोगी नव्हती.

उन्हाळा परतला तसे थेंबही परतले. टिपूसबाईला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. पडदा होता, वाफ होती, उभं राहायचं होतं. ती रडली नाही, कोणाला दोष दिला नाही. घडीवाली म्हणायची, बाईचं काळीज दगडाचं आहे.

एका दुपारी बाहेरून एक गठ्ठा आत आला. मालकांचे शर्ट. मालकीणबाई ते कुठल्यातरी आश्रमाला देणार होत्या, आणि द्यायच्या आधी इस्त्री हवी होती. टिपूसबाईने एकेक घेतला. हे शर्ट तिने किती वेळा केले होते याला हिशेब नाही. कॉलर आतून, मग बाहेरून, मग खांदा, मग बाही. डाव्या कोपराला झिजलेला निळा तिला ओळखीचा होता, खिशावर शाईचा पुसट डाग असलेला पांढराही. ज्या माणसाने तिला नवऱ्यासाठी चार दिवस रडू दिलं नाही, त्याच्या प्रत्येक शर्टाची प्रत्येक शिवण तिला पाठ होती.

आणि नवऱ्याच्या एकाही शर्टाची नव्हती.

हातातली इस्त्री थांबली. तिने आठवून बघितलं. त्याचा एक चौकटीचा शर्ट होता, तपकिरी का हिरवा? बटणं पांढरी का काळी? आठवेना. चुरगळलेला होता एवढंच आठवलं. एकदा, एकदा तरी सरळ करून दिला असता. तापात तो आडवा पडला तेव्हा, निदान त्याला नेलं तेव्हा तरी. तो हसून म्हणाला असता, अरे वा, आज दिव्याखाली उजेड. तिच्या छातीतून काहीतरी वर आलं, इतक्या वर्षांचं, गठ्ठाच्या गठ्ठा, आणि ती वाफेत उभी राहून, आवाज न करता, रडायला लागली.

पडदा सरकला. मालकीणबाई शर्ट न्यायला आल्या होत्या. टिपूसबाईने मान वर केली. तिचे डोळे, गाल, हनुवटी, सगळं चिंब होतं.

मालकीणबाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि तोंड फिरवलं.

“माझ्यासमोर नको,” त्या म्हणाल्या. “आता मला माहीत आहे ते काय आहे.”

शेवटचा शर्ट बाकी होता, तो टिपूसबाईने इस्त्रीच्या पाटावर पसरला. कॉलरवर एक थेंब पडला होता. तिने त्यावरून इस्त्री नेली. चर्र झालं, आणि डाग राहिला नाही.